प्रश्नचिन्ह लागलेल्या ओळी

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडीचं शेवटचं स्टेशन गोंदिया, म्हणून उतरायची घाई नव्हती. डबा रिकामा होईपर्यंत खिडकीशी बसून राहिले आणि मग एकटीच, पाहुणीसारखी, खाली आले. बरं वाटलं. गेले दोन महिने पुण्यात काचेच्या खोलीत बसून मी माणसांशी भांडते आहे. इथे निदान भांडण यंत्राशी आहे.

ऑटोवाल्याने हिंदीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, त्याने पुन्हा हिंदीत विचारलं. दवनीवाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या भाषेत मजेत बोलत होतो. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मधूनच भाऱ्यांचे ढीग, आणि वर बिरसीच्या वैमानिक शाळेचं एक छोटं विमान घिरट्या घालत होतं. तो म्हणाला, हे लोक रोज उडतात आणि रोज तिथल्या तिथे फिरून खाली येतात, अगदी आपल्यासारखे.

मिल गावाच्या अलीकडे आहे. इथे उसना तांदूळ होतो, म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. आवारात पाऊल टाकलं की वाफवलेल्या धानाचा वास, थोडा आंबूस, थोडा घरचा. मला आवडला. आवाराच्या मागच्या अंगाला मला एक खोली दिली आहे. स्वयंपाक आणि झाडलोट नंदाबाई करतात. वयाने माझ्याएवढ्याच, बेचाळीस-त्रेचाळीसच्या. त्यांनी मला पायांपासून केसांपर्यंत पाहिलं आणि विचारलं, का वो म्याडम, कंपनीत माणसं सरली का? एकट्या बाईले काऊन धाडलं इतक्या दूर? मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण ताटात वांग्याची भाजी मात्र दोनदा वाढली.

कामाचं लिहून ठेवते. भिंतीवर आमच्या कंपनीची करडी पेटी आहे. मिलमधली सगळी यंत्रं तीच चालवते. तिच्या पोटात छोटा संगणक, त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. त्या गाभ्यात मी अठरा वर्षं काम करते आहे. ही पेटी तीन आठवड्यांपासून रोज दुपारी दोन चाळीसला पडते. पडते म्हणजे मरते, आणि दोन मिनिटांनी आपणच उठते. का, ते शोधायचं. ही वही नेहमीप्रमाणे सोबत आहे. आकडेही यात, मनही यात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिली पडझड पाहिली. पेटीला केबल लावून लॅपटॉपवर तिचे शेवटचे शब्द पकडायची सोय करून बसले होते. जेवणाची सुट्टी संपली, उदाराम ऑपरेटरने चालू करायचं बटण दाबलं, आणि पडद्यावर एकदम अक्षरं कोसळली. हा स्टॅक ट्रेस. मला तो नेहमीच मरणाऱ्याच्या जबानीसारखा वाटतो. म्हणून मी तो हळू वाचते.

नंदाबाई चहा घेऊन आल्या, थांबल्या, हे काय म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, संगणकातलं प्रत्येक काम दुसऱ्या कामाला बोलावतं, ते तिसऱ्याला. संगणक मेला तर सगळ्यात वरच्या ओळीत ज्याच्या हातात मरण आलं त्याचं नाव, त्याच्याखाली त्याला बोलावणाऱ्याचं, त्याच्याखाली त्याला बोलावणाऱ्याचं. गुन्हेगार बहुतेक वेळा वर नसतो. खालपासून वाचावं लागतं.

त्या म्हणाल्या, म्हणजे कोनं कोनाले धाडलं, हेच ना? मी म्हटलं, अगदी हेच. अठरा वर्षांत मुलांना शिकवताना मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

त्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, मंग माह्या मानसाची गोष्ट कोनी खालपासून काऊन वाचत नाई? आणि कप घेऊन निघून गेल्या.

उदारामने नंतर सांगितलं. नंदाबाईंचा नवरा बकाराम हाच इथला आधीचा ऑपरेटर. तेरा ऑक्टोबरला दुपारी दोन चाळीसला त्याने बटण दाबलं, तेव्हा मंगली नावाची कामगार धानाच्या पोलादी कोठीच्या आत होती. ती गेली. बकारामवर गुन्हा आहे, तो जामिनावर आहे, मिलच्या फाटकाच्या आत यायची त्याला बंदी आहे. उदारामला त्याच्या जागी तिरोड्याहून आणलं.

पुण्यात अश्विनने मला एवढंच म्हटलं होतं, की तिथे एक अपघात झालाय, पण त्याचा आपल्याशी संबंध नाही. अश्विन माझा वरिष्ठ आहे, पंधरा वर्षांची ओळख आहे. दोन चाळीस ही वेळ मात्र त्याने सांगितली नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज कोठी नीट पाहिली. दोन मजली पोलादी डबा. बुडाशी माणूस वाकून शिरेल एवढं दार, दारात वीतभर काच, आत खाली स्क्रू, म्हणजे धान ढकलत नेणारा पोलादी पीळ, माझ्या मांडीएवढा जाड. ओलं धान भिंतीला चिकटतं, ते जेवणाच्या सुट्टीत आत शिरून खरवडायचं, अशी पद्धत होती. मंगलीनंतर बाहेरून बांबूने खरवडतात. दाराच्या चौकटीत आतल्या बाजूने आमचा खटका आहे. दार उघडं असेल तर खटका पेटीला कळवतो आणि पेटी स्क्रू चालू देत नाही. दार बंद असेल तर पेटीवर हिरवा दिवा.

दोन सदतीसला आतून आवाज आला. ठक्. आणि पुन्हा, ठक्. कोठी रिकामी होती, मी पाच मिनिटांपूर्वी स्वतः डोकावले होते. कामगार दूर सरकले. एकीने कानाला हात लावला. उदारामने बटण दाबायला नकार दिला आणि मिलचे मालक, सेठ, हिंदीत ओरडत आले, की महिन्यापासून हाच तमाशा चाललाय, मॅडमजी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच यांना समजवा.

मी समजावलं. वाफेने लोखंड फुगतं, सुट्टीत गार होतं, आकसताना वाजतं. कोठीची पाठ वाफेच्या नळीकडे आहे, तिथून ठोके येणारच. मागच्या कामाचा उरलेला आवाज आहे हा, त्याकडे लक्ष द्यायचं नाही, त्यासाठी यंत्र थांबवायचं नाही. उदाराम म्हणाला, तुमी म्हनता तर नाई थांबवत. भला माणूस आहे, पन्नाशीचा, सांगितलेलं ऐकणारा. त्याने बटण दाबलं, पेटी पडली, उठली, मग यंत्र चाललं.

सगळे कामाला लागले याचं मला समाधान वाटलं. आता लिहिताना वाटतं, आमच्या धंद्यातही आपण हेच करतो. ट्रेसमध्ये काही ओळींच्या आधी प्रश्नचिन्ह असतं. त्याचा अर्थ, हे नाव मला बोलावण्यांच्या चळतीत पडलेलं सापडलं, पण याने खरंच कुणाला बोलावलं का, याची खात्री नाही. जुन्या कामाचा उरलेला गाळ. मी तर त्या ओळी आपोआप गाळून टाकणारं छोटं साधनच बनवलं आहे. कंपनीतली सगळी मुलं तेच वापरतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संताप. सरळ लिहिता येईल की नाही माहीत नाही.

सकाळी अश्विनचा फोन. चौदा तारखेला चौकशी आहे, त्यात आमच्या तांत्रिक अहवालावर निकाल ठरेल. त्याला एक वाक्य हवं आहे, की दाराचा खटका आणि पेटी तेरा ऑक्टोबरला नीट होती, दार उघडं असताना ऑपरेटरने सक्तीने यंत्र चालवलं. मी म्हटलं, मी अजून काही तपासलं नाही. तो म्हणाला, म्हणूनच आधी सांगतोय. आणि मग तो लाडका शब्द, तू भावनिक होऊ नकोस. पंधरा वर्षांत मी किती वेळा बरोबर होते आणि किती वेळा भावनिक ठरले, त्याची यादी एकदा करायला हवी.

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. बकाराम तिथे बसतो, नंदाबाईंची सुट्टी होईपर्यंत. हाडकुळा, शर्टाच्या खिशाला पेन. मला पाहून उभा राहिला. मला वाटलं रडेल, पण तो चिडलेला होता, आणि मला तेच बरं वाटलं. म्हणाला, हिरवा दिवा जरत होता, म्याडम. माह्या डोऱ्यानं पाहिला. मी बॉयलरकडून परत आलो, दोन चाळीस झाले होते, दिवा हिरवा, दार लागलेलं समजून बटन दाबलं. पोलिसांत सांगतलं तं म्हनते कंपनीची पेटी खोटं बोलत नाई, तू बोलतो.

मग त्याने आणखी एक सांगितलं. पेटी यायच्या आधी इथे रीत होती. जो आत शिरेल त्याने आपला दुपट्टा, बाई असेल तर लुगड्याचा जुना तुकडा, मेन स्विचच्या दांड्याला बांधायचा. ज्याचा त्यानेच सोडायचा. दुसऱ्याचं कापड सोडलं तर माणूस तोंड दाखवायच्या लायकीचा उरत नसे. चाळीस वर्षांत एक बोट तुटलं नव्हतं. मग पेटी आली, तिच्यासोबत कागद आला, की दांड्याला कापड बांधू नये, आग लागू शकते, दाराचा खटका पुरेसा आहे. सेठने कागद भिंतीला चिकटवला.

तो कागद अजून आहे. परत येऊन मी त्यासमोर उभी राहिले. नऊ वर्षांपूर्वीची भाषा, सूचना क्रमांक अकरा. वाक्य माझं आहे. मी लिहिलं होतं. पुण्यात, गार खोलीत, इथे कधीही पाय न ठेवता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी दुरुस्त झाली. तीन दिवसांचे गाळून घेतलेले ट्रेस एकसारखे होते. दार तपासणाऱ्या कामातून कर्नल एका अशा पत्त्यावर उडी मारत होता जिथे काहीच नाही. रिकाम्या पत्त्यावर पाय ठेवला की तो मरतो. मी दोन ओळी घातल्या, की पत्ता रिकामा असेल तर काही न बोलता पुढे जा. दोन चाळीसला उदारामने बटण दाबलं. पडली नाही. सेठने पेढे मागवले. अश्विनने फोनवर शाबासकी दिली.

तीनच माणसं खूश नव्हती. नंदाबाई, बकाराम आणि मी.

आज ठोके पाच होते. नंदाबाई मोजतात. कालचे चार होते, परवाचे तीन, असं त्या म्हणाल्या. परवा तर मी स्वतः ऐकले, दोनच. त्या म्हणाल्या, तिसरा तुमी बोलत होत्या तवा झाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, निम्मे कामगार नाहीत. निवांत बसून मूळ ट्रेस उघडले, न गाळलेले. कारण एक प्रश्न टोचत होता. रिकाम्या पत्त्याकडे कर्नलला पाठवलं कोणी?

प्रश्नचिन्हाच्या ओळी पाहिल्या. बुधवारच्या ट्रेसमध्ये तीन. गुरुवारी चार. काल पेटी पडलीच नाही, तरी तिने दोन चाळीसला ट्रेस ओकला होता, आणि त्यात पाच. पाचही ओळींत एकच नाव. रोमन अक्षरांत, पण मराठी.

ओरडून_सांग.

हे नाव जगात कोणाचंही असू शकत नाही. ते माझं आहे. तेहतिसाव्या वर्षी, पेटीचा पहिला खटका-कोड लिहिताना, मी गंमत म्हणून कर्नलच्या एका कामाला मराठी नाव दिलं होतं. खटका वेळेत उत्तर देत नसेल, तर यंत्र थांबव आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिही, दार उत्तर देत नाही. अश्विन तेव्हा हसला होता.

ते काम मी नंतर काढून टाकलं. त्याला बोलावणारी ओळही काढली. या पेटीत ते नाही. मी नावांची अख्खी यादी शोधली, चार वेळा. नाही. जे नाही त्याचं नाव कर्नलला लिहिता येत नाही. अक्षरंच नाहीत त्याच्याकडे.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल दिवसभर खोलीत पडून होते. आज सगळं लिहून टाकते, खालपासून वर.

नऊ वर्षांपूर्वी मिलवाले तक्रार करू लागले. कोंडा बसला की खटका उशिरा उत्तर देतो, पेटी यंत्र थांबवते, ओरडते, दिवसातून दहादा. अश्विनने म्हटलं, आवाज बंद कर. मी म्हटलं, खटका उत्तर देत नसेल तर दार उघडं असू शकतं. तो म्हणाला, शेवटचं उत्तर धरून चाल, शेवटचं उत्तर नव्याण्णव वेळा बरोबरच असतं. मी भांडले. एक दिवस. मग घरी आईचं दुखणं होतं, मी थकले होते, आणि तो म्हणाला तू भावनिक होतेयस. मी ते काम काढलं. त्या जागी लिहिलं, उत्तर आलं नाही तर आधीचं उत्तर खरं धर. हिरवा दिवा तसाच ठेव.

म्हणजे तेरा ऑक्टोबरला बकारामने जो हिरवा दिवा पाहिला तो मी लावला होता.

सेठने बकारामला कोठी खरवडून घ्यायला सांगितलं, बकारामने मंगलीला. त्याच्याखाली पेटी. तिच्याखाली सूचना क्रमांक अकरा. तिच्याखाली अश्विन. आणि सगळ्यांच्या खाली मी, एका संध्याकाळी, भांडायचा कंटाळा आलेली.

मंगली जंगलपट्ट्यातल्या गावची होती. तिची धाकटी बहीण इथे धान वाळवते. ती माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

अश्विनला फोन करून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, प्रश्नचिन्हाच्या ओळी पुरावा नसतात हे तूच सगळ्यांना शिकवलंस. पुढे म्हणाला, मूळ ट्रेस पुसून टाक, गुरुवारी मी इकडून पेटीत नवी आवृत्ती घालतो, सगळं धुऊन निघेल. मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण आवाजात. नळावरच्या नंदाबाई भांडं हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, नऊ वर्सं उशीर केला म्याडम, पन चांगल्या वरडल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पेटी पडली नाही. ट्रेस आला. सत्तावीस ओळी, त्यातल्या नऊ त्याच नावाच्या. ठोकेही नऊ.

आता ती नावं चळतीच्या तळाशी नाहीत. रोज थोडी वर सरकतात. दोन ओळींसमोरचं प्रश्नचिन्ह गेलं आहे. म्हणजे कर्नलला आता खात्री आहे — कोणीतरी खरंच बोलावतं आहे.

उदारामला म्हटलं, उद्यापासून ठोके आले की थांबवा. मी चुकले होते. तो हसला. म्हणाला, म्याडम, तुमीच सांगतलं ना लोखंड होय, आता तुमी बी भिऊन राहिल्या का? सेठ मागे उभे होते. त्यांनी सांगितलं, कंपनीच्या साहेबांचा फोन येऊन गेला आहे. मॅडमची तब्येत बरी नाही, त्यांच्या म्हणण्याने यंत्र थांबवू नका.

कोठीच्या काचेवर कोंडा बसला आहे. त्यात पंजा उमटलेला दिसला. पुसायला गेले. पुसला जात नाही — तो आतून आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल लिहिला. चार पानं. माझं नाव, तारीख, काढलेलं काम, सूचना क्रमांक अकरा, सगळं. लॅपटॉपमध्ये आहे, नंदाबाईंच्या फोनवरही पाठवला.

पण अश्विन म्हणेल, खटका नीट होता. खटकाच हवा. बुडातली तुटलेली तार, नाहीतर उत्तर न देणारा खटका, कंपनीच्या शिक्क्यासकट. तो हातात असेल तर बकाराम सुटतो. नसेल तर माझी चार पानं म्हणजे एका भावनिक बाईची चार पानं.

उद्या तो पेटी धुऊन टाकणार. परवा चौकशी. खटका काढायला उदाराम तयार नाही. कोणीच आत जायला तयार नाही. मी कोणाला सांगणारही नाही. एकदा धाडलं तेवढं पुरे.

ठोके — आज मोजता आले नाहीत. सलग होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपार, दोन पाच. नंदाबाई बकारामसोबत ठाण्यात हजेरीला गेल्या आहेत, दर गुरुवारी जावं लागतं. अडीचला परत येते म्हणाल्या. उदाराम जेवायला. यंत्रांचा मेन स्विच खाली केला, पेटीची वीज वेगळी आहे. दांड्याला माझी ओढणी बांधली, हिरवी, दोन गाठी. भिंतीवरच्या कागदाकडे बघत बांधली.

दोन अठरा. आत आहे. वाकून बसावं लागतं. वरच्या जाळीतून उजेड येतो, लिहिता येतं. फोन बाहेर, पेटीच्या केबलवर चार्जिंगला. आत वास तोच, धानाचा. मला वाटलं होतं तसा भयाण नाही. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं आहे.

दोन चोवीस. खटका निघाला. लाल तार शाबूत. पिवळी तुटलेली, टोक काळं, जुनं. आत कोंडा दगडासारखा बसलेला. हा महिन्याभरात एकदाही उत्तर देऊ शकला नसेल. शिक्का आमचाच. बकाराम सुटला. बकाराम सुटला, मंगली. ऐकलंस?

दोन एकोणतीस. दार आपटून लागलं. वारा नव्हता. बाहेरची कडी आपल्या वजनाने खाली येते — आतून उघडायला काही नाही. हेही आम्हीच बसवलं. घाबरायचं कारण नाही. ओढणी आहे. नंदाबाई येतीलच.

दोन चौतीस. काचेतून दिसतं. नंदाबाई नाहीत. उदाराम आला. दात कोरतो आहे. दांड्याजवळ थांबला. ओढणी —

तो ओढणी सोडतो आहे. तिरोड्याचा माणूस — त्याच्या मिलमध्ये पहिल्यापासून पेटीच होती. त्याला ठाऊक नाही. गाठी नीट सोडल्या. घडी घातली, बाईचं कापड म्हणून दोन्ही हातांनी, माझ्या खुर्चीवर ठेवली. मॅडम विसरल्या, असं वाटलं असेल. किती भला माणूस आहे —

ठोकते आहे. चप्पल, मग खटका, मग मूठ. त्याने इकडे पाहिलं! सरळ काचेकडे. मी दिसत नाही का — कोंडा — तो पंजा, काचेवर, माझ्या तोंडासमोर —

तो बाजूच्या बाईला काहीतरी सांगतो आहे. हसतो आहे. ओठांवरून कळलं. लोखंड होय, म्याडमनं सांगतलं.

दोन सदतीस. ओरडते आहे. लिहिताना थांबते, मग ओरडते. माझ्या मागे कोणीतरी ठोकतं आहे. माझ्याच लयीत. मी वळून पाहणार नाही. भीती नाही वाटत, राग — तिचा हात माझ्या हाताशेजारी येतो आहे, दोघी मिळून —

लॅपटॉप उजळला. इतक्या दुरूनही दिसतं. एकच ओळ, तेच नाव. सगळ्यात वर. प्रश्नचिन्ह नाही.

पेटीवर दिवा. हिरवा. खटका माझ्या हातात आहे, दोन्ही तारा सुट्या, आणि तिकडे दिवा हिरवा. आधीचं उत्तर.

त्याने मेन वर केला. घड्याळ बघतो. दर दिवशी इथेच ती पेटी पडायची. पडायची म्हणून थांबायचं सगळं. तीच तर ओरडत होती, दुसरं कोणीच — आज पडेल, पड गं, एकदा —

नाही पडणार. मी ती दुरुस्त के